काकूंचं बीपी २३६ वर गेलं त्याची गोष्ट

मी निपाणीत मेडिकलच्या काउंटरला उभा राहतोय त्याला आता अठरा वर्षं झाली, डी.फार्म. झालं की लगेच लागलो तो आजपर्यंत तिथंच. ही केस आमच्या गल्लीतल्या काकूंची. त्यांना विचारून लिहितोय, "नाव घालू नको, बाकी काय लिवायचं ते लिव" असं म्हणाल्यात. आणि यात माझी पण चूक आहे, ती पुढे येईलच, झाकून ठेवणार नाही.

काकू वय ६१. तरुणपणी तंबाखूच्या वखारीत कामाला जायच्या, निपाणीत त्या वयाच्या निम्म्या बायका गेलेल्याच असतात. मिश्री तेव्हापासनं. बीपी चौदा वर्षं झाली. सुरुवातीपासून कोल्हापूरच्या डॉक्टरांकडं दाखवतात, कारण निपाणीतनं कोल्हापूर चाळीस किलोमीटर आणि बेळगाव जवळजवळ दुप्पट, आणि कोल्हापुरात बोलायला आपली भाषा. तिथनं अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन, त्यातच पाण्याची गोळी म्हणतात ती हायड्रोक्लोरोथायझाइड, असं चालू होतं. मग या घटनेच्या आठ महिने आधी त्या मुलीकडं बेळगावला राहायला गेल्या होत्या, तिथं बीपी १९० च्या पुढं जाऊन हटेना म्हणून मुलीनं तिथल्या हॉस्पिटलात नेलं आणि तिथं दोन गोळ्या वाढल्या, मेटोप्रोलॉल ५० दिवसाला एक, आणि क्लोनिडिन १०० मायक्रोग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातनं तीन वेळा. म्हणजे दिवसाला ६०० मायक्रोग्रॅम. बीपी खाली आलं, १४० च्या आसपास राहायला लागलं, सगळे खूश.

आता फाईली झाल्या दोन. एक कोल्हापूरची, निळी, चौदा वर्षांची जाडजूड. दुसरी बेळगावची, पातळ, मुलीच्या घरी कपाटात. कोल्हापूरच्या फाईलमध्ये क्लोनिडिनचं नावसुद्धा नाही. आणि काकूंना वाचता येतं फक्त मराठी, तेही सावकाश. गोळ्यांच्या पाकिटावर इंग्रजी, सरकारी दवाखान्यात गेलं तर पाटीवर कन्नड, डॉक्टरांची चिठ्ठी देवालाच कळणार. त्यामुळं काकू गोळ्या ओळखतात त्या रंगावरनं आणि आकारावरनं. "सकाळची मोठी", "रात्रीची लहान", "ती तीनदाची". सीमाभागात हे घरोघरी आहे, यात काकूंचं अडाणीपण काही नाही, तुम्हाला उद्या तमिळमध्ये लिहिलेल्या पाच गोळ्या दिल्या तर तुम्ही पण रंगच बघणार.

मार्गशीर्ष पौर्णिमेला गल्लीतली सात-आठ घरं मिळून सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गेली, दरवर्षी जातात. गुरुवारी पहाटे निघायचं, शनिवारी रात्री परत. आदल्या संध्याकाळी काकूंची सून दुकानात आली. काउंटरला गर्दी, सात वाजलेले. म्हणाली, "दादा, डोंगराला चाललोय, थंडीचं, अंगदुखीचं काय काय लागतंय ते द्या की सगळ्यांसाठी." मी काय केलं, सर्दीच्या गोळ्यांचं एक पाकीट आणि डायक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची दोन पाकिटं पिशवीत टाकली आणि पैसे घेतले. तीस सेकंदाचं काम. कोण कोण चाललंय, कुणाला बीपी आहे का, काही विचारलं नाही. ज्या बाईची क्लोनिडिन दर महिन्याला मीच देतोय तीच बाई त्या "सगळ्यांत" आहे हे डोक्यातच आलं नाही. ही माझी चूक. डायक्लोफेनॅक तर चिठ्ठीशिवाय द्यायचंच नसतं. आमच्याकडं कुणी ते पाळत नाही, मी पण पाळलं नव्हतं.

पोरानं आईच्या गोळ्या भरल्या त्या अशा, की रोज एकदाच्या तिन्ही गोळ्यांची अख्खी पाकिटं टाकली, कारण ती दहा दिवस पुरतात, आणि "तीनदाची" मात्र कापून मोजून अठरा घेतल्या, तीन दिवसांच्या बरोब्बर. हिशोब अगदी चोख. फक्त शनिवारी दुपारी जीपवाला म्हणाला इथपर्यंत आलोयच तर बदामी-बनशंकरी करू या, आणि कुणाला नाही म्हणवतंय. शनिवारी रात्री नऊ वाजता काकूंनी शेवटच्या दोन क्लोनिडिन घेतल्या. पोराला विचारलं त्यांनी, "ती तीनदाची संपली रं." तो म्हणाला, "राहू दे एक दिवस, बाकीच्या हायत की." मी त्याला दोष देत नाही. चारातली एक नाही, तीन आहेत, हा हिशोब कुणालाही बरोबरच वाटणार.

तोपर्यंत काकूंनी अजून काय काय घेतलं होतं ते नंतर बसून काढलं. जोगुळभावीला पहाटेच्या गारठ्यात आंघोळ, मग डोंगर चढणं-उतरणं, गुडघे आधीच गेलेले, म्हणून गुरुवारपासून डायक्लोफेनॅक रोज दोन. शनिवारपासून नाक गळायला लागलं म्हणून सर्दीची गोळी दिवसाला तीन. जेवण सगळं डोंगरावरचं, शेंगाची चटणी, लोणचं, पापड. आणि मिश्री नेहमीच्या दुप्पट, कारण सगळ्या मैत्रिणी एकत्र.

रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास बदामीत काकूंचे हात कापायला लागले. थंडीत घाम. छातीत धडधड. कुणीतरी म्हणालं पित्त, कुणी म्हणालं नजर लागली, एकीनं भंडारा लावला कपाळाला. पोराचं मत होतं टेन्शन, कारण शेताच्या वाटणीवरनं घरात वाद चालू होता आणि वाटेत त्यावरनंच बोलणं झालेलं. जीपमधल्या एकाकडं मनगटाचं बीपी मशीन होतं, त्यात २०८ दाखवलं, तर म्हणाले मशीन खराब आहे. मनगटाची मशीन चुकतात हे खरंच आहे, हात हृदयाच्या पातळीला धरला नाही तर आकडा कुठंही जातो, पण इतका घाम येणाऱ्या बाईचा आकडा खोटा धरायचा म्हणजे सोयीचं तेवढं खरं मानायचं.

सोमवारी पहाटे चार वाजता निपाणीत पोचताना डोकं फुटायची वेळ आली आणि दोनदा उलटी झाली. शेवटच्या गोळीपासून एकतीस तास. हा आकडा लक्षात ठेवा. क्लोनिडिन एकदम तुटली की बीपी उसळतं ते साधारण १८ ते ३६ तासांत, कधी तीन दिवसांपर्यंत पण.

गल्लीच्या तोंडाला एका डॉक्टरांचा दवाखाना आहे, वर घर आहे म्हणून उठवलं. २३६/१२८. मोठा पट्टा लावून, पाच मिनिटं पाठ टेकून बसवून, दुसऱ्या हातावर परत बघितलं, २३०/१२६. नाडी १०४. शेजारचा एक जण म्हणाला, "डॉक्टर, जिभेखाली गोळी द्या की, माझ्या वडलांना दिलती." डॉक्टर नाही म्हणाले, आणि बरं झालं. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडून द्यायची पद्धत एके काळी सगळीकडं होती, त्यानं बीपी मिनिटांत धाडकन पडायचं, पण किती पडेल त्याच्यावर कुणाचाच ताबा नसायचा, आणि त्यातनं काही पेशंटना लकवा, हार्ट अटॅक झाल्यावर १९९० च्या दशकातच डॉक्टरलोकांनी ती बंद करा म्हणून सांगितलं. गावाकडं अजून चालते. वर्षानुवर्षं जास्त दाबाची सवय झालेल्या मेंदूला एकदम कमी दाब मिळाला तर त्याला रक्तच पुरत नाही.

डॉक्टरांनी कोल्हापूरला न्या म्हणून सांगितलं, पोरगा निळी फाईल घेऊन निघाला. बेळगावची फाईल बेळगावात.

साडेआठला मी दुकान उघडतोय तोवर त्याचा फोन. कॅज्युअल्टीतले डॉक्टर विचारतायत गोळ्या कुठल्या कुठल्या चालू, फाईलमध्ये दोनच आहेत, पिशवीत तर सहा-सात पाकिटं. म्हटलं सगळी पिशवी पलंगावर ओत आणि फोटो पाठव. फोटो आला. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटोप्रोलॉल, माझंच डायक्लोफेनॅक, माझीच सर्दीची गोळी, आणि एका कोपऱ्यात क्लोनिडिनचं रिकामं कापलेलं पाकीट. माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, "ही कधी संपली?" "शनिवारी." म्हटलं फोन डॉक्टरांकडं दे.

त्या डॉक्टर बाई होत्या, आवाजावरनं तरुण वाटल्या. मी फक्त एवढंच म्हटलं, मॅडम, मी मेडिकलवाला बोलतोय, पेशंट क्लोनिडिन दिवसाला ६०० घेत होती, शनिवार रात्रीपासनं बंद आहे, मेटोप्रोलॉल चालू आहे. दोन सेकंद काही बोलल्या नाहीत. मग "अच्छा, मेटोप्रोलॉल चालू आहे?" असं परत विचारलं. तो "अच्छा" अजून माझ्या कानात आहे.

का ते सांगतो, कारण सगळी केस इथंच आहे. क्लोनिडिन बाकीच्या बीपीच्या गोळ्यांसारखी रक्ताच्या नळ्यांवर किंवा किडनीवर थेट काम करत नाही. ती मेंदूत जाऊन तिथनं निघणारा जोर दाबून ठेवते, म्हणजे नसा आवळणारं, हृदय पळवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन कमी सुटतं. आमच्याकडं तवंदीचा घाट आहे, ऊस भरलेला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर तिथनं उतरताना ब्रेकवर असतो तसं समजा. आठ महिने ब्रेक दाबलेला, शरीराला त्याची सवय झालेली. एका रात्रीत पाय उचलला तर ट्रॅक्टर नेहमीच्या स्पीडला येत नाही, त्याच्या पुढं जातो. नॉरअ‍ॅड्रेनलिनचा लोंढा सुटतो. धडधड, घाम, हात कापणं, डोकं ठणकणं, सगळं त्यातलंच. डोस जितका जास्त तितका धोका जास्त, आणि काकूंचा डोस काही कमी नव्हता.

वरनं मेटोप्रोलॉल. हा बीटा ब्लॉकर. नॉरअ‍ॅड्रेनलिनला शरीरात दोन जातीचे दरवाजे आहेत असं धरा, अल्फा रक्तवाहिन्या आवळतो, बीटा हृदय पळवतो आणि काही वाहिन्या थोड्या सैल पण करतो. बीटा ब्लॉकरनं बीटाचा दरवाजा लावलेला, मग सुटलेला सगळा लोंढा अल्फाकडं, नुसतं आवळणंच. प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळीत हे जास्त होतं, मेटोप्रोलॉल मुख्यतः हृदयाच्या बीटावरच काम करते म्हणून त्यात कमी, पण त्या वेळी नको असलेलीच गोष्ट. म्हणून दोन्ही चालू असतील आणि बंद करायच्या असतील तर आधी बीटा ब्लॉकर हळूहळू काढायचा आणि मग काही दिवसांनी क्लोनिडिन थोडी थोडी उतरवायची असा नियम आहे. काकूंचं नेमकं उलटं झालं. जी आधी जायला पाहिजे ती राहिली, जी शेवटी जायला पाहिजे ती गेली. तेही कुणी ठरवून नाही, मोजून भरल्यामुळं.

आणि माझ्या गोळ्यांचं काय? डायक्लोफेनॅक आणि त्या जातीच्या सगळ्या दुखण्याच्या गोळ्या किडनीतलं प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन अडवतात, मग शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, आणि टेल्मिसार्टन आणि पाण्याची गोळी यांचा असर बोथट होतो. अ‍ॅम्लोडिपिनला त्याचा फारसा फरक पडत नाही. म्हणजे काकूंच्या पाच औषधांतलं एक संपलेलं, दोन माझ्या गोळीनं अर्धमेली केलेली, एक उलटं वागतंय, आणि एकटी अ‍ॅम्लोडिपिन बिचारी लढतीय. शिवाय टेल्मिसार्टन, पाण्याची गोळी आणि दुखण्याची गोळी ही तिकडी किडनीला वाईट. काकूंचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चाललीय ते दाखवणारा रक्तातला आकडा, पूर्वी १.१ होतं, त्या दिवशी १.५ आलं. सर्दीच्या गोळीतलं फेनिलेफ्रिन वाहिन्या आवळणारंच औषध. पोटातनं घेतल्यावर ते फार कमी शिल्लक राहतं, अमेरिकेत २०२३ मध्ये तज्ज्ञांच्या समितीनं तर तोंडावाटे घेतलेल्या फेनिलेफ्रिननं नाक मोकळं होतच नाही असं सांगून टाकलं. म्हणजे मी जी गोळी दिली तिचा फायदा नाही, आणि असल्या पेशंटला द्यायची नाही असं तिच्या डब्यातल्या कागदावर लिहिलेलं. तो कागद आम्हीच डबा फोडल्यावर फेकून देतो.

दवाखान्यात त्यांनी काय केलं ते मला आवडलं, कारण घाई केली नाही. आधी बघितलं की कुठला अवयव बिघडलाय का. १८०/१२० च्या वर बीपी म्हणजे लगेच सुई असं नसतं. मेंदू, हृदय, फुप्फुस, किडनी, डोळ्याचा पडदा यातलं काही त्या क्षणी खराब होत असेल तर ती इमर्जन्सी, तिथं आयसीयू, शिरेतनं औषध, आणि तरीही पहिल्या तासात साधारण पाव हिश्शापेक्षा जास्त खाली आणायचं नाही. हृदयातनं निघणारी मोठी रक्तवाहिनी फाटल्यासारखे काही प्रकार सोडून. आणि तसं काही नसेल तर गोळीनं, सावकाश. काकूंचं ईसीजी ठीक, डोक्याचा सीटी स्वच्छ, डोळ्याच्या पडद्यावर ताजं काही नाही, बोलणं सरळ. क्रिएटिनिन तेवढं वाढलेलं, ते दुखण्याच्या गोळीच्या खात्यात टाकलं आणि लक्ष ठेवलं. क्लोनिडिन तोंडावाटे परत सुरू केली. एवढंच मुख्य औषध. सर्दीची आणि दुखण्याची बंद. दोन तासांनी २०४/११२, संध्याकाळी १७२/९८, दुसऱ्या दिवशी सकाळी १५०/९०. डोकं तर दुपारीच उतरलं. पोरगा मला म्हणाला, "एवढंच? संपलेली गोळी परत दिली एवढंच?"

व्हय, एवढंच. पण तो फोटो नसता तर काय झालं असतं याचा विचार मी करतो कधी कधी. निळ्या फाईलवरनं बघितलं तर दोन गोळ्यांवरची बाई, बीपी २३६, मग त्यात तिसरी चौथी चढवली असती. कदाचित अजून एखादा बीटा ब्लॉकरच. नाहीतर अ‍ॅड्रेनल ग्रंथीच्या गाठीची शंका आली असती, फिओक्रोमोसायटोमा म्हणतात ती, कारण दिसायला अगदी असंच असतं, डोकं, घाम, धडधड, आणि मग हजारोंच्या तपासण्या. चुकीचं म्हणता येणार नाही ते, त्यांच्यापुढं आलेल्या कागदावरनं बरोबरच ठरलं असतं.

काकू तीन दिवसांत घरी आल्या. पुढच्या महिन्यात दोन्ही फाईली एकत्र घेऊन बेळगावच्या डॉक्टरांकडं गेल्या, या वेळी सून बरोबर, आणि माझी एक यादी. त्यांनी क्लोनिडिन काढायचं ठरवलं, कारण म्हणाले दिवसातनं तीन वेळा मिळून सहा गोळ्या घ्यायच्या आणि एक दिवस चुकला की हे, असलं औषध यात्रेला जाणाऱ्या माणसाला नको. आधी मेटोप्रोलॉल हळूहळू उतरवली, ती पण एकदम थांबवायची गोळी नाहीच, मग क्लोनिडिन काही आठवडे थोडी थोडी कमी. तिच्या जागी स्पायरोनोलॅक्टोन २५. हट्टी बीपीला चौथं औषध म्हणून ती चांगली, ब्रिटनमधल्या एका चाचणीत २०१५ साली बाकीच्यांपेक्षा तीच सरस ठरली होती. फक्त टेल्मिसार्टनबरोबर पोटॅशियम वाढू शकतं म्हणून रक्त तपासत राहायचं, ते पहिल्या महिन्यात दोनदा केलं. गुडघ्यांना पॅरासिटामॉल, शेक, आणि बाहेरनं लावायचं मलम. क्रिएटिनिन १.२ वर आलं.

मी माझ्याकडनं दोन गोष्टी बदलल्या. एक, क्लोनिडिनच्या पाकिटावर मराठीत चिकटवून देतो, "ही गोळी एकदम बंद करायची नाही, संपायच्या चार दिवस आधी या." प्रोप्रॅनोलॉलवर पण, मेटोप्रोलॉलवर पण. कानडी बोलणाऱ्यांसाठी समोरच्या दुकानातल्या पोरीकडनं कन्नडमध्ये लिहून घेतलं. दोन, सर्दीची किंवा दुखण्याची गोळी मागितली की "कुणासाठी, बीपी हाय काय" असं विचारतो. लोक चिडतात. एक जण म्हणाला डॉक्टर झालास काय रे. आणि मालक पण एकदा बोलले की गर्दीच्या वेळी एवढी चौकशी केलीस तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातंय. जातंय खरं. आणि आता विचारायला लागल्यावर कळतंय की हे फक्त या दोन गोळ्यांपुरतं नाही. एका आजोबांचं बीपी सरकलं ते गुडघ्याच्या "जडीबुटी" पुडीनं, दोन आठवड्यांत चेहरा पण गोल झालेला, मला तर त्यात स्टेरॉइड मिसळलंय असंच वाटतं. एका बाईचं गर्भनिरोधकाच्या गोळ्या सुरू केल्यावर. एक जण खोकल्याला रोज मूठभर ज्येष्ठमध चघळायचा, त्यातला घटक पोटॅशियम घालवतो आणि मीठ धरून ठेवतो. आणि पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या, त्यात सोडियम किती असतंय ते कुणी बघत नाही.

गेल्या मार्गशीर्षात काकू परत डोंगराला गेल्या. जायच्या आदल्या दिवशी स्वतः दुकानात आल्या, पिशवी काउंटरवर ओतली आणि म्हणाल्या, "मोज लेका, पाच दिवस धर." मी सात दिवसांच्या दिल्या. आल्यावर बीपी बघितलं, १३८/८४. मिश्री मात्र सुटलेली नाही. परवा विचारलं तर म्हणाल्या, "तू ती गोळी बंद करायची नाही म्हणालास, मग हीच का बंद करायची?"